अरण्य आणि कॅमेरा

चंद्रपूर व गडचिरोली हे महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचे जिल्हे. साग, ऐन, बिजा, धावडा आणि बांबू यांची वने येथे दूरवर पसरली आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबाचे अरण्य १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, आणि १९९५ मध्ये अंधारी अभयारण्यासह त्याचा व्याघ्रप्रकल्प झाला. वाघ पाहण्यासाठी येथे देशोदेशींचे लोक येतात व त्यांतील बहुतेकांजवळ कॅमेरा असतो. एखादी वाघीण पाणवठ्यावर उतरली की मिनिटभरात शेकडो छायाचित्रे निघतात. या गर्दीत क्वचित एखाद्याच्या हातातील धातूचा जुना कॅमेरा एकदाच वाजतो; मग तो अंगठ्याने तरफ ओढून फिल्म पुढे सरकवतो आणि पुन्हा वाट पाहत बसतो. फिल्मवरच छायाचित्रे घेणाऱ्या जुन्या वळणाच्या छंदिष्टांची ही रीत आहे.

महाराष्ट्राला हा छंद नवा नाही. मुंबईत १८५४ मध्येच छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली होती, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांची गणना आपल्याकडील आरंभीच्या छायाचित्रकारांत होते. तेव्हापासून साधने अनेकदा बदलली; परंतु प्रकाशाने चांदीच्या क्षारांवर ठसा उमटवावा आणि तो अंधारात रसायनांनी दृश्य करावा, ही मूळ क्रिया फिल्मच्या कॅमेऱ्यात आजही तशीच आहे.

पस्तीस मिलिमीटर रुंदीच्या एका रोलवर ३६ छायाचित्रे बसतात; रुंद फिल्मवर चौरस चित्रे घेतली तर अवघी १२. रोल संपला की कॅमेरा उघडून दुसरा भरावा लागतो, आणि वाघ काही तोवर थांबत नाही. या मर्यादेतून छंदिष्टाच्या साऱ्या सवयी घडतात. दोनचार चित्रे उरली असतील, तर ती तो जपून ठेवतो. प्रत्येक चित्राच्या वेळचे भिंगाचे छिद्र आणि प्रकाश आत घेण्याचा अवधी तो लहानशा वहीत टिपतो. कारण चित्र कसे आले हे त्याला काही दिवसांनी कळणार असते.

प्रकाशाचा अंदाजही त्याला स्वतः बांधता यावा लागतो. लख्ख उन्हात छिद्र १६ या अंकावर ठेवावे आणि फिल्मची गती १०० असेल तर झडप सेकंदाच्या सुमारे सव्वाशेव्या भागापुरती उघडावी, हा जुना ठोकताळा. परंतु अरण्यातील प्रकाश या नियमाला सहज वश होत नाही. वैशाखात सागाची पाने गळून गेलेली असतात. तेव्हा तेच रान उघडे आणि भगभगीत होते. पावसाळ्यात पाने फुटली की भर दुपारीही झाडाखाली संध्याकाळ वाटते. अशा वेळी अधिक गतीची फिल्म घालूनही झडप बराच काळ उघडी ठेवावी लागते, आणि लांब पल्ल्याचे भिंग हातात किंचित हलले तरी चित्र पुसट होते. म्हणून अनुभवी छंदिष्ट धान्य भरलेली कापडी थैली बरोबर नेतो. जीपच्या कठड्यावर ती ठेवून तिच्यावर भिंग टेकवले की हात स्थिर राहतो. तिपाई जीपमध्ये मांडता येत नाही. साधी थैली तेथे काम भागवते.

रात्रीच्या वाघाचे चित्र घेण्याची युक्ती तर शंभर वर्षांपूर्वीच सापडली होती. उत्तर हिंदुस्थानातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी जनावरांच्या वाटेवर तार बांधली. वाघाचा पाय तिला लागला की लखकन प्रकाश पडे आणि वाघ स्वतःचेच छायाचित्र घेई. त्यांचे या विषयावरील पुस्तक १९२७ मध्ये निघाले. बंदूक घेऊन रानात जाण्याच्या त्या काळात वनाधिकाऱ्याने कॅमेरा उचलावा, ही गोष्ट लहान नव्हती. पुढे १९९० नंतर अभ्यासकांनी याच कल्पनेचा उपयोग वाघांच्या गणनेसाठी केला. प्रत्येक वाघाच्या अंगावरील पट्ट्यांची रचना निराळी असते, आणि दोन्ही कुशींवरची रचनाही एकसारखी नसते. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंस समोरासमोर कॅमेरे लावतात. आरंभी त्यांतही फिल्मच होती, आणि गुरांनी किंवा चितळांनी तो रोल संपवला की वाघ नोंदीविना निघून जाई. ताडोबातही आज वाघ अशाच कॅमेऱ्यांनी मोजले जातात. मात्र त्यांत फिल्म नसते.

फिल्मची खरी परीक्षा घरी परतल्यावर होते. कृष्णधवल फिल्म साधारणपणे २० अंश सेल्सिअसच्या द्रावणात धुवावी असा संकेत आहे. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर चढतो आणि नळाचे पाणीही हातास ऊन लागते. द्रावण सात-आठ अंशांनी गरम झाले, तर आठ मिनिटांचे काम चारच मिनिटांत होते, आणि इतक्या घाईत फिल्म सर्वत्र सारखी उमटत नाही. येथे माठ उपयोगी पडतो. कोरड्या हवेत माठाच्या अंगातून झिरपणारे पाणी झपाट्याने वाळते आणि आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. उरलेले काम बर्फ करतो. तो द्रावणात टाकावयाचा नसतो, कारण त्याने द्रावण पातळ होते. द्रावणाचे भांडेच बर्फाच्या पाण्यात ठेवावयाचे असते. पुढची धुण्याची पाणीही तितकीच गार असावी लागतात. थंड द्रावणातून निघालेली फिल्म एकदम उन्हाळी पाण्यात पडली, तर तिच्यावरील सरसाच्या थरावर बारीक सुरकुत्या पडतात आणि त्या कधीही जात नाहीत.

पावसाळ्यात हीच युक्ती निरुपयोगी होते, कारण ओल्या हवेत माठाचे पाणी फारसे गार होत नाही. शिवाय गडचिरोलीच्या दमट घरांत भिंगावर बुरशी चढते. कोळ्याच्या जाळ्यासारखे तिचे तंतू काचेवर पसरतात व वेळीच काढले नाहीत तर काच कायमची डागाळते. म्हणून कॅमेरा चामड्याच्या पेटीत न ठेवता, ओल शोषणारे खडे घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतात. चामडे दिसावयास सुंदर, पण बुरशीला तेच प्रिय.

धावत्या वाघासाठी नवा कॅमेराच सरस, हे मान्य करावयास हवे. त्यामुळे फिल्मचे भक्त स्थिर विषयांकडे वळतात. गडचिरोली जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी मार्कंडा येथे जुन्या मंदिरांचा समूह आहे. तेथील मूर्तींवर सकाळचे तिरपे ऊन पडते, तेव्हा दगडातील प्रत्येक घडीची सावली वेगळी दिसते. दुपारी तीच मूर्ती सपाट होते. भामरागडजवळ इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम यांचा संगम आहे. त्याचे पाणी फिल्मवर मऊ रुपेरी उमटते.

हा छंद आता महाग झाला आहे. उटकमंड येथे १९६० मध्ये स्थापन झालेल्या सरकारी कारखान्याची ‘इंदू’ फिल्म एके काळी देशभर मिळे. तो कारखाना बंद पडला, आणि आज परदेशी रोल मागवावे लागतात. रंगीत फिल्म धुणारी यंत्रे मोठ्या शहरांतही थोडीच उरली आहेत. म्हणून पुष्कळ छंदिष्ट कृष्णधवल फिल्मवरच संतुष्ट असतात, कारण ती घरच्या न्हाणीघरात धुता येते. दारे-खिडक्यांच्या फटी काळ्या कापडाने बुजवावयाच्या, अंधारातच रोल डबीत भरावयाचा आणि घड्याळाकडे पाहत डबी हलवावयाची. शेवटी ओली फिल्म चिमट्याने दोरीस टांगली की पंखा बंद करून ती व्यक्ती खोलीबाहेर येते. उन्हाळ्याची बारीक धूळ फिल्मवर बसू नये म्हणून, ती वाळेपर्यंत त्या खोलीत घरातील कोणासही जाऊ देत नाहीत.