चारशे घोडे पाहिजेत? मग आधी इंजिनाच्या आत बघा

एसटीत बसल्यावर खंबाटकीत रेंज जाते आणि एपिसोड अर्धाच राहतो, अशी तुमची तक्रार असते. म्हणून हा आजचा एपिसोड लिहून.

मिरजेच्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आलाय. म्हणतो, "दादा, माझ्याकडं २०१७ ची ऑक्टाव्हिया आरएस आहे. कंपनीची २३० पीएस. मोठा टर्बो लावून ४०० करायचीय. एक गॅरेजवाला म्हणतो आतलं काही उघडू नको. दुसरा म्हणतो सगळं फोर्ज्ड टाक. पैसे एकाच कामापुरते आहेत. काय करू?"

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो. कोड फसला तर रोलबॅक मारता येतो. कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकला भोक पाडून बाहेर आला, तर रोलबॅक नाही. तेच तेल मागच्या टायरखाली आलं तर प्रश्न पैशांचाही राहत नाही. म्हणून सावकाश बघू.

आत नेमकं काय घडतं?

या दोन लिटरच्या इंजिनात पिस्टनचा व्यास ८२.५ मिलिमीटर आहे. टर्बोवर जोर दिला की जळताना सिलिंडरमधला दाब सहज १०० बारपर्यंत जातो. गणित केलं तर एका पिस्टनच्या डोक्यावर साधारण साडेपाच टन. साडेपाच टन ऊस एका पिस्टनवर, तोही मिनिटाला हजारो वेळा! हा भार रॉडला दाबतो, वाकवू बघतो.

आता उलटी बाजू. एक्झॉस्ट स्ट्रोकला पिस्टन वर जातो तेव्हा त्याला अडवायला वर दाब नसतो. त्याला ओढून परत खाली आणायचं काम रॉडचं आणि त्याच्या दोन बोल्टचं. ७००० आरपीएमला हा झटका पिस्टनच्या वजनाच्या तीन हजार पटींहून जास्त असतो. आणि तो आरपीएमच्या वर्गात वाढतो. ६००० वरून ७००० ला गेलात तर आरपीएम १७ टक्के वाढतात, ओढ मात्र ३६ टक्के.

एवढं एक लक्षात ठेवा: टॉर्क रॉडला वाकवतो, आरपीएम बोल्टला तोडतो.

म्हणून "किती एचपी?" हा अर्धाच प्रश्न

४०० पीएस जर ६५०० आरपीएमला काढले, तर तिथं टॉर्क लागतो साधारण ४३० न्यूटन मीटर. पण ट्यूनरनं ३००० आरपीएमलाच ५५० चा धक्का दिला, तर कागदावर आकडा तोच ४००, रॉडवरचा मार मात्र कितीतरी जास्त. कंपनीचा टॉर्क आहे ३५०. त्यामुळं "अमुक एचपीपर्यंत स्टॉक रॉड चालतात" असा एकच आकडा कुणी फेकला, तर विचारा: कुठल्या आरपीएमला, किती टॉर्कवर?

फोर्ज्ड म्हणजे काय?

हे आपल्याकडच्या माणसाला समजवायला सोपं आहे. ऊसतोडीचा कोयता ओतलेला असतो का? नाही. लोहार तापवून घण मारून घडवतो, म्हणून तो टिकतो. ओतकामात धातू साच्यात थंड होतो, बारीक पोकळ्या राहू शकतात. फोर्जिंगमध्ये दाबाखाली धातूचे कण आकाराच्या वळणानं बसतात आणि पार्ट चिवट होतो.

ओतकाम कमी प्रतीचं असं समजू नका. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० ला किर्लोस्करवाडी वसवली. साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी १९२२ ला कूपरचा उद्योग उभा केला. हेच कूपर पुढं १९३७ ला मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले. लोखंडी नांगर, पंप, इंजिन यांच्या ओतकामावर आपला पट्टा उभा राहिलाय. ब्लॉक ओतलेलाच असतो, तो तसाच पाहिजे. प्रश्न फक्त मार खाणाऱ्या पार्टचा आहे.

कुठं पैसे टाकायचे?

*रॉड आणि बोल्ट:* ४३४० स्टीलचे फोर्ज्ड रॉड हा नेहमीचा पर्याय. एच-बीम की आय-बीम यावर भांडू नका, दोन्ही चांगले मिळतात. बोल्टवर मात्र कंजुषी नको. शक्य तिथं बोल्ट किती ताणला गेला ते मोजून आवळा.

*पिस्टन:* दोन मिश्रधातू ऐकायला मिळतील. ४०३२ मध्ये सिलिकॉन साधारण १२ टक्के, त्यामुळं तो तापल्यावर कमी फुगतो; रोजच्या गाडीला बरा. २६१८ मध्ये सिलिकॉन अगदी कमी. तो जास्त चिवट, पण जास्त फुगतो, म्हणून जागा सैल ठेवावी लागते आणि सकाळी थंड इंजिन खडखडतं.

*रिंग गॅप:* फुकटातलं काम, पण इथंच इंजिनं जातात. बूस्ट वाढला की रिंग जास्त तापते, लांब होते. टोकाला टोक भिडलं की पिस्टनचा काठ तुटतो. गॅप पिस्टनच्या कार्डावर टर्बोसाठी दिलाय तेवढाच.

*क्रँकशाफ्ट:* बऱ्याच टर्बो गाड्यांत कंपनीचाच फोर्ज्ड असतो. तपासा, चांगला असेल तर राहू द्या. बेअरिंग मात्र नवीन.

मशीनिंगसाठी परदेशात जायला नको. सांगली-मिरज-कुपवाड, सातारा इथं बोरिंग-होनिंगचे हात तयार आहेत. फक्त दोन गोष्टी: पिस्टन हातात येण्याआधी बोअर करू नका, आणि होनिंग करताना ब्लॉकवर टॉर्क प्लेट आवळायला सांगा. हेड आवळल्यावर बोअर किंचित वाकडा होतो, तो तसाच वाकवून गोल करायचा असतो.

फोर्ज्ड पार्ट काय करत नाहीत?

चुकीचं ट्यूनिंग झाकत नाहीत. नॉकिंग सुरू झालं की फोर्ज्ड पिस्टन थोडा जास्त वेळ तग धरतो, एवढंच. इंडियन ऑइलनं डिसेंबर २०२० ला १०० ऑक्टेनचं पेट्रोल आणलं, सुरुवातीच्या शहरांत पुणे-मुंबई होती. पण तुमची गाडी रोज मिरजेत भरणार असेल, तर मिरजेत मिळणाऱ्या पेट्रोलवरच ट्यून करा आणि नॉकचे लॉग स्वतः बघा.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनमानी बदल करू देत नाही. अपघातात विमा कंपनी हेच पुढं करू शकते. त्यामुळं असली गाडी ट्रॅकवर किंवा ड्रॅगच्या अधिकृत इव्हेंटला. हायवेवर नाही.

तर मिरजकर भावा, तुझं उत्तर

टॉर्क ४३०-४५० वर बांधून घेणार असशील आणि आरपीएम कंपनीच्या मर्यादेत ठेवणार असशील, तर आधी कॉम्प्रेशन तपास. मग पैसे इंटरकूलर, इंधन पंप, क्लच, ब्रेक आणि चांगल्या ट्यूनरवर घाल. खालून मोठा टॉर्क पाहिजे असेल किंवा रेव्ह लिमिट वाढवायची असेल, तर इंजिन उघड आणि रॉड-पिस्टन एकदमच कर, कारण उघडायची मजुरी दोन्हीला एकच. आणि तेवढे पैसे आज नसतील, तर टर्बो खोक्यातच राहू दे. पैसे जमेपर्यंत २३० पीएसची गाडी काही कमी पळत नाही.

पुढच्या भागात इंटरकूलर. तुमचे प्रश्न व्हॉइस मेसेजवर पाठवा. भेटू!