टायर बदलले की हिशेब बदलतो

भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाणारे गाव. पोत्यामागे थोडी तूट आली तरी बाजारात पहिले बोट काट्याकडे जाते, आणि त्या काट्यावर वैधमापन खात्याची मोहर असावी लागते. टॅक्सीच्या भाडेमीटरचीही अशी पडताळणी होते. मात्र यात्रेसाठी किलोमीटरच्या दराने ठरवलेल्या गाडीतील अंतरमापकावर कोणाचीच मोहर नसते. टायर बसवणारा कारागीर ते माप नकळत बदलून टाकू शकतो.

जुन्या गाड्यांत हा धोका अधिक. बजाज टेम्पो, म्हणजे आजची फोर्स मोटर्स, हिची मॅटाडोर आणि १९८७ पासूनची ट्रॅव्हलर यांनी महाराष्ट्रातील कित्येक कुटुंबांच्या यात्रा घडवल्या. २०२१ मध्ये राज्य शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, आणि जुनी ट्रॅव्हलर घेऊन तिच्यात झोपण्याची, स्वयंपाकाची सोय करावी हा विचार आता नवलाचा राहिलेला नाही. (अशा बदलास परिवहन कार्यालयाची मान्यता लागते, हे विसरू नये.) घरचे अन्न, उकळलेले पाणी आणि सूर्यास्तापूर्वी मुक्काम असा नेम पाळणाऱ्यांना ही सोय मोलाची, पण वेळेचे गणित ज्या काट्यावर बांधायचे, तो काटा खरा आहे का?

वेगमापक रस्ता मोजत नाही. तो फेऱ्या मोजतो. जुन्या गाडीत गिअरबॉक्समधून एक लवचीक केबल निघून फलकापर्यंत येते. तिच्या टोकाचा चुंबक ॲल्युमिनियमच्या वाटीत फिरतो, वाटी ओढली जाते, बारीक स्प्रिंग तिला आवरते आणि काटा सरकतो. ही युक्ती ओटो शुल्झे या जर्मन अभियंत्याने १९०२ मध्ये नोंदवली. चाकाची एक फेरी म्हणजे किती अंतर, हे कारखान्याने मूळ टायर धरून ठरवलेले असते. टायर बदलला तरी केबलला त्याची वार्ता नसते.

उदाहरणादाखल समजा, मूळ टायर २१५/७५ आर १५ आहे. रिम १५ इंच, म्हणजे ३८१ मिलिमीटर. टायरच्या बाजूची उंची २१५ च्या ७५ टक्के, आणि ती वर-खाली दोनदा. व्यास सुमारे ७०३ मिलिमीटर भरतो. दुकानदाराने ‘तोच रिम, चालून जाईल’ म्हणत २३५/७५ बसवला, तर व्यास ७३३ वर जातो. फरक सव्वाचार टक्क्यांचा. काटा ६० दाखवतो तेव्हा मूळ मापाच्या तुलनेत गाडी ६२.६ ने धावत असते. प्रवासी वाहनांतील ८० च्या वेगनियंत्रकाला गिअरबॉक्सकडूनच संकेत मिळत असेल, तर तोही ८३ पर्यंत मोकळीक देतो. भरलेली गाडी, पाण्याची टाकी, घाटाचा उतार, अशा वेळी हे तीन किलोमीटर थोडे नाहीत.

उलट २०५/७० हा लहान टायर बसला, तर मीटरवरील १,००० किलोमीटर प्रत्यक्षात ९५० च असतात. दर २० रुपये धरला तर यात्रेकरूंनी सुमारे १,००० रुपये न चाललेल्या रस्त्याचे दिले. यात चालकाची लबाडी असेलच असे नाही. मोठ्या टायरने मालकाचे नुकसान होते, आणि वर ‘गाडी डिझेल जास्त खाते’ म्हणून तो उगाच डिझेल पंप उघडायला लावतो.

एक बारकावा सहसा सुटतो. वेगाचा काटा खरा वेग कमी दाखवू नये, म्हणून तो मुळातच थोडा पुढे दाखवेल असा ठेवतात. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ व्या नियमावलीत तसे बंधनच आहे. अंतरमापक मात्र दात्यांच्या चाकांवर थेट चालतो, त्याला ही सूट मिळत नाही. शिवाय चुंबक म्हातारा झाला की काटा मागे पडतो, अंतरमापक नाही. म्हणून दोहोंची परीक्षा वेगवेगळी घ्यावी. टायर झिजून १.६ मिलिमीटरच्या कायदेशीर मर्यादेला आला, तर त्यानेही दोनेक टक्क्यांचा फरक पडतो.

परीक्षा सोपी आहे. मोकळ्या रस्त्यावर, गाडी नेहमीसारखी भरलेली असताना, किलोमीटरच्या दगडांशी अंतरमापक किमान दहा किलोमीटर ताडून पाहावा. काटा ६० वर स्थिर धरून चालकाने रस्ता पाहावा आणि शेजारच्याने घड्याळ. एका किलोमीटरला ६० सेकंद लागले तर काटा खरा, ५७.५ लागले तर वेग ६२.६ आहे. मोबाइलचा जीपीएसही साक्ष देतो. मॅटाडोरची पुढची चाके ओढतात, ट्रॅव्हलरची मागची ढकलतात. मीटर त्याच चाकांचे ऐकतो, तेव्हा माप तपासायचे ते त्या टायरांचे.

फरक निघाला तर मूळ मापाचा, आणि तितकाच भार पेलणारा टायर परत बसवणे हा उत्तम उपाय. केबलच्या मुळाशी असलेले दात्यांचे छोटे चाक बदलूनही मीटर जुळवता येतो, पण जुन्या गाडीला ते मिळवताना बरेच हिंडावे लागते. तोवर ‘मीटर गुणिले १.०४’ अशी चिठ्ठी फलकावर चिकटवावी, आणि भाड्याची गाडी असेल तर हा आकडा निघण्यापूर्वीच दोन्ही पक्षांनी मान्य करून वहीत लिहावा.