केबल तीच, अडचण फाइलची

संगणकावरून किंडलवर पुस्तक नेता आले नाही, की बोल लागतो तो केबलला नाहीतर यंत्राला. खरी गोम बहुधा फाइलच्या प्रकारात असते.

गैरसमज : किंडलमध्ये केबलने पुस्तके टाकणे आता बंद झाले.
वस्तुस्थिती : २६ फेब्रुवारी २०२५ पासून बंद झाली ती विकत घेतलेली किंडल-पुस्तके ॲमेझॉनच्या संकेतस्थळावरून संगणकावर उतरवून घेण्याची सोय. तुमच्याकडच्या फाइली यूएसबी केबलने ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डरमध्ये आजही टाकता येतात. मात्र केबल नुसती चार्जिंगची असेल, तर संगणकाला किंडल दिसत नाही. २०२४ची किंडल मॅकला जोडायची, तर वेगळे ॲप लागते.

गैरसमज : किंडलला ईपब हा ई-पुस्तकांचा फाइल-प्रकार चालत नाही.
वस्तुस्थिती : हे अर्धेच खरे. केबलने थेट टाकलेली ईपब किंडलवर उघडत नाही. तीच फाइल ‘सेंड टू किंडल’ या सेवेने पाठवली, की ॲमेझॉन तिचे रूपांतर करून देते; ही सोय २०२२ पासून आहे. वेबवरून २०० एमबीपर्यंतची फाइल जाते. इंटरनेटशिवाय काम करायचे, तर कोविद गोयल यांचे ‘कॅलिबर’ हे मोफत सॉफ्टवेअर संगणकावरच ईपबची किंडलवर उघडणारी एझेडडब्ल्यू३ फाइल करते. कोबोच्या ई-रीडरवर ईपब थेट चालते.

गैरसमज : पीडीएफ असली, की झाले ई-पुस्तक.
वस्तुस्थिती : पीडीएफमध्ये पानाची मांडणी पक्की असते. त्यामुळे ए-फोर आकाराचे पान सहा इंची पडद्यावर आले, की अक्षरे मुंगीएवढी होतात. स्कॅन केलेल्या मराठी पुस्तकात तर अक्षरे नसतातच, नुसती पानांची छायाचित्रे असतात. त्यातला मजकूर आधी ओसीआरने ओळखून घ्यावा लागतो. युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या पीडीएफचे रूपांतर केले, तर देवनागरीच्या जागी अगम्य रोमन चिन्हे उमटू शकतात.

गैरसमज : पैसे मोजले, म्हणजे पुस्तक कुठल्याही यंत्रावर नेता येते.
वस्तुस्थिती : किंडल-दुकानातून मिळतो तो वाचनाचा परवाना. बहुतेक पुस्तकांना डीआरएमचे, म्हणजे नक्कल रोखणारे, कुलूप असते. अशी फाइल कोबोवर नेली तरी उघडत नाही.

म्हणून निवड करता येत असेल तेव्हा युनिकोडमधली, कुलूप नसलेली ईपब घ्या. ती कोबोवर केबलने जाते, किंडलवर ‘सेंड टू किंडल’ने, आणि उद्या यंत्र बदलले तरी पुस्तक तुमच्याकडेच राहते.