चिप जागी होण्याआधीचा मिलिसेकंद

आयआयटी मद्रास आणि इस्रो यांची ‘आयरिस’ चिप फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर झाली, तेव्हा कौतुक झाले ते तिच्यातल्या ‘शक्ती’ प्रोसेसरचे आणि तो घडवणाऱ्या प्रा. व्ही. कामकोटी यांच्या चमूचे. ते रास्तच होते. पण चेन्नई परिसरात रोज जुळणाऱ्या असंख्य बोर्डांचा भरवसा प्रोसेसर जागा होण्याआधीच ठरतो. प्रत्येक भागाची वीज जोडणारी-तोडणारी लोड स्विच ही तांदळाएवढी चिप तो ठरवते, आणि तिच्याकडे आपण पाहतच नाही.

वीज जोडताच आधी स्विचच्या पुढचे कपॅसिटर भरावे लागतात. १०० मायक्रोफॅरड ३.३ व्होल्टपर्यंत १० मायक्रोसेकंदांत भरायचे तर ३३ अँपिअर लागतात. एका मिलिसेकंदात भरले तर ०.३३ अँपिअर पुरतात. घाई केली की पुरवठ्याचे व्होल्टेज कोसळते आणि शेजारी नीट चालणारी चिप रीसेट होते. म्हणून राइज टाइम, म्हणजे व्होल्टेज चढायला लागणारा वेळ, मुद्दाम वाढवतात. मात्र तो फार वाढवूनही चालत नाही: पुढचा भाग त्याच वेळी प्रवाह ओढत असेल, तर स्विचमधला वीज वाहून नेणारा ट्रान्झिस्टर, म्हणजे मॉस्फेट, अर्धवट चालू अवस्थेत तापतो. त्याहून फसवी गोष्ट स्विचला चालू-बंदचा आदेश पोचवणाऱ्या कंट्रोल पिनची. स्विच चालू होण्याचा उंबरठा पुरवठ्याच्या ७० टक्के असेल, तर ३.३ व्होल्टवर २.३१ व्होल्ट हवेत. प्रोसेसर मात्र अनेकदा १.८च देतो. प्रयोगशाळेतल्या टेबलावर असा स्विच चालूही होईल, भर उन्हातल्या पेटीत होईलच असे नाही. यासाठीच अनेक लोड स्विच १ व्होल्टच्या वर ‘चालू’ आणि ०.५ व्होल्टच्या खाली ‘बंद’ अशी हमी देतात. मधल्या पट्ट्यात कसलीच हमी नाही. रीसेटच्या वेळी प्रोसेसरच्या पिना बहुधा अधांतरी असतात. तेव्हा कंट्रोल पिनला ग्राउंडशी बांधणारा रेझिस्टर राहून गेला, तर स्विच कधी चालू होईल याचा नेम नाही.

ही चिप आपणच बनवायला हवी, असे म्हटले की आक्षेप ठरलेला आहे: काही रुपयांची वस्तू, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्ससारख्या कंपन्या ती ढिगाने विकतात, मग आपण कशाला बनवायची? किमतीच्या स्पर्धेत आपण लगेच टिकणार नाही, हे मान्य. पण उपग्रहांना आणि संरक्षणसामग्रीला नग थोडे आणि हमी पक्की लागते. ती हमी थंडीपासून उष्णतेपर्यंत, पुरवठ्याच्या दोन्ही टोकांना, नमुन्यामागून नमुना मोजूनच देता येते. चिप-उद्योग उभा राहतो तो या मोजमापाच्या शिस्तीवर. शिवाय अशा चिपला अत्याधुनिक कारखाना लागत नाही. मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीतल्या १८० नॅनोमीटरसारख्या जुन्या प्रक्रियाही तिला पुरतात. प्रोसेसरसाठी मंजूर होणाऱ्या पैशातला एक वाटा त्याच्या वीजपुरवठ्याच्या चिपसाठी राखून ठेवावा, आणि त्याची सुरुवात चेन्नईतच व्हावी.