शेतकऱ्याच्या दारातली फोर्ड
हेन्री फोर्डची मॉडेल टी 1908 मध्ये आली तेव्हा तिची किंमत होती सुमारे 850 डॉलर. 1913 मध्ये हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर जुळणी सुरू झाली आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत गाडी 300 डॉलरच्या आत आली. खरी गंमत घडली ती अमेरिकेतल्या खेड्यांत. मागचं चाक जॅकवर उचलायचं, त्याला पट्टा जोडायचा, की त्याच इंजिनावर लाकूड कापायची करवत सुरू! शनिवारी बाजार, रविवारी चर्च, हेही तिच्यातूनच. पेट्रोलची टाकी सीटखाली, पंप नाहीच. टाकी रिकामी होत आली, की चढावर इंजिनाला पेट्रोल पोहोचत नसे. मग लोक गाडी चक्क रिव्हर्समध्ये चढ चढवत.