दुकानाच्या पाटीवरचा पासवर्ड

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तर बाबांच्या झेरॉक्सच्या दुकानात वाय-फाय आले होते. पासवर्ड विचारला. बाबा म्हणाले, "आपला मोबाईल नंबरच ठेवलाय, विसरायची भानगड नको." आणि तोच नंबर बाहेर पाटीवर लांबून दिसेल असा रंगवलेला! मला हसू आले, बाबा वैतागले. "कोणी चार गाणी उतरवून घेतली तर आपलं काय जातंय?"

काय जाते ते २००८ मध्ये नवी मुंबईत दिसले होते. २६ जुलैला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल गेला होता. पोलीस आयपी पत्त्याचा माग काढत पोचले ते सानपाड्यात, एका अमेरिकन गृहस्थाच्या फ्लॅटवर. संगणक जप्त झाले, चौकशी झाली. निघाले काय, तर त्याचे वाय-फाय उघडे होते आणि ते भलत्यानेच वापरले होते. राउटरमागे दहाजण असले तरी बाहेर सहसा एकच आयपी पत्ता दिसतो. त्यामुळे कनेक्शन ज्याच्या नावावर, पोलीस आधी त्याच्याच दारात.

"पण आपलं उघडं कुठंय? पासवर्ड आहे की!" बाबांचा मुद्दा बरोबर वाटतो ना? मग जरा गणित करू.

पासवर्ड फोडणारा राउटरपुढे बसून एकेक नंबर मारत नाही. फोन वाय-फायला जोडला जाताना फोन आणि राउटर यांच्यात चार निरोपांची देवाणघेवाण होते. त्यात पासवर्ड जात नाही, पण पासवर्डवरून काढलेले एक उत्तर जाते. ते हवेतून कोणालाही टिपता येते. मग घरी निवांत बसून एकेक पासवर्ड धरून तेच गणित करायचे. उत्तर जुळले की काम फत्ते, राउटरला पत्ताही नाही. डब्ल्यूपीए-२ मध्ये हे गणित मुद्दाम ४०९६ फेऱ्यांचे ठेवले आहे. तरीही आजचे तगडे ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाख अंदाज तपासू शकते. आपले मोबाईल नंबर दहा आकडी आणि सुरुवात ६, ७, ८ किंवा ९ ने, म्हणजे फार तर ४०० कोटी. करा भागाकार. ४००० सेकंद, सव्वा ताससुद्धा नाही. आपल्या मेसमध्ये रविवारी रांगेत याहून जास्त वेळ जातो!

उपाय लांबीचा. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहा. ६३ अक्षरांपर्यंत मुभा आहे. राउटरवर डब्ल्यूपीए-३ असेल तर तेच निवडा, त्यात हा घरबसल्या अंदाजांचा खेळ चालत नाही. डब्ल्यूपीएस मात्र बंदच करा. त्याचा पिन आठ आकडी, पण राउटर दोन अर्धे वेगवेगळे तपासतो आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून निघतो. म्हणजे १०,००० अधिक १,०००, जास्तीत जास्त ११,००० प्रयत्न. हे २०११ मध्येच उघड झाले, तरी जुन्या राउटरवर ते चालू सापडते. राउटरच्या सेटिंगचा 'अ‍ॅडमिन' हा पासवर्डही बदला. नेटवर्कचे नाव लपवणे वगैरे प्रकारांत वेळ घालवू नका.

गिऱ्हाइकांसाठी वेगळे गेस्ट नेटवर्क करून दिले. मात्र त्याचाही बाहेरचा आयपी आपलाच, म्हणून तो पासवर्ड दर सोमवारी बदलायचा असे ठरले.

मुख्य पासवर्ड बाबांनी कागदावर लिहून गल्ल्याच्या आतल्या बाजूला चिकटवलाय. मी काही बोललो नाही. गल्ल्याला कुलूप असते.