मोटारीचे इंधन कोठे वाचते?

मोटारगाडी ही आमच्या लोहाऱ्यात आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. निजामी अमदानीत, १९३२ साली, संस्थानच्या रेल्वेखात्याने मोटारसेवा सुरू केली. पुढे मराठवाड्याची परिवहन सेवा १९६१ साली महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात सामील झाली आणि 'एस्टी' हा शब्द घरोघरी रुळला. आज शिक्षक, दुकानदार, बागाईतदार यांच्या दारांत स्वतःची चारचाकी उभी असते, आणि बहुधा ती हाताने गियर बदलण्याचीच असते. गाडी हप्त्याने घेता येते. पेट्रोल मात्र रोखीने घ्यावे लागते. म्हणून नवी गाडी दारात आली की शेजारी पहिला प्रश्न विचारतो, "ॲव्हरेज किती देते?" या प्रश्नातच थोडी गफलत आहे. एकच गाडी दोन माणसांच्या हाती दिली तर दोन निरनिराळे आकडे येतात. आजच्या व्याख्यानाचा विषय हा फरक कोठून येतो, एवढाच आहे.

आमचे शाळेतले शिक्षण थोडे. इंजिनाची विद्या आम्ही मोटार-कामगारांच्या संघटनेचे काम करताना चालकाशेजारी केबिनमध्ये बसून, गॅरेजमध्ये मेकॅनिकला प्रश्न विचारून आणि रात्री पुस्तके चाळून मिळवली. त्यामुळे आमची मांडणी प्राध्यापकाची नसेल. पण आकडे आपण घरी बसून ताडून पाहावेत असेच दिले आहेत.

प्रथम पेट्रोल जाते कोठे ते पाहू. पेट्रोल जळून जी उष्णता होते तिचा फार तर चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो. बाकीची रेडिएटरमधून, धुराड्यातून आणि इंजिनाच्या घर्षणात निघून जाते. हा जो चौथा हिस्सा हाती लागतो त्यातूनच गाडीला वेग येतो. आता एक टन वजनाची गाडी ताशी साठ किलोमीटर वेगाने धावते आहे असे धरा. तिच्या अंगी जी गती साठलेली असते ती देण्यासाठी सुमारे सतरा मिलिलिटर पेट्रोल लागलेले असते. म्हणजे चहाचे साडेतीन चमचे. लिटरचा भाव शंभर रुपये धरला तर हे पावणेदोन रुपयांचे काम झाले. पुढे गतिरोधक दिसला, आपण अगदी त्याच्यापाशी जाऊन करकचून ब्रेक दाबला आणि गाडी थांबली. ते साडेतीन चमचे ब्रेकच्या लायनरवर उष्णता होऊन उडून गेले. गतिरोधक ओलांडला की पुन्हा साडेतीन चमचे ओता! वेग ऐंशी असेल तर हाच खर्च जवळजवळ दुप्पट, एकतीस मिलिलिटर होतो, कारण गतीची ही शिल्लक वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

लोहाऱ्याहून निघून सोलापूर-हैदराबाद महामार्गाला लागेपर्यंत गावे, गतिरोधक, रस्त्यात उभी असलेली गुरे आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्या किती लागतात हे आपण जाणताच. मुरलेला चालक काय करतो? त्याची नजर बॉनेटवर नसते. ती दोन-तीनशे पावले पुढे असते. ट्रॉली दिसली की तो ॲक्सिलरेटरवरचा पाय तेथूनच उचलतो, गाडी गियरमध्येच ठेवतो आणि तिला आपसूक मंदावू देतो. ट्रॉलीपाशी पोहोचेतो समोरचा रस्ता मोकळा झालेला असतो आणि गाडी थांबवावी लागतच नाही. एवढ्यात जितके इंधन वाचते तितके दुसऱ्या कोणत्याही युक्तीत वाचत नाही, असे आमचे मत आहे. बाजारात विकत मिळणाऱ्या पुड्या, चुंबक आणि टाकीत टाकावयाच्या गोळ्या यांविषयी बोलण्यात आम्ही आपला वेळ घेत नाही.

आता गियर. तिसऱ्या गियरच्या मानाने पाचव्या गियरमध्ये तेच अंतर कापावयास इंजिनाला साधारण अर्ध्याहून थोड्याच अधिक फेऱ्या माराव्या लागतात. प्रत्येक फेरीला दट्ट्याचे घर्षण आहे. फेऱ्या कमी तर घर्षणाचा खर्च कमी. हे पुष्कळांना ठाऊक असते. कमी ठाऊक असलेली गोष्ट पुढची आहे. पेट्रोलच्या इंजिनात हवा आत सोडणारी एक झडप असते, आणि ॲक्सिलरेटर दाबला की ती उघडते. पाय अगदी हलका ठेवला की झडप जवळजवळ मिटलेली राहते आणि इंजिनाला हवा ओढून घेण्यासाठीच जोर लावावा लागतो. नाकातोंडावर फडके बांधून धावणाऱ्या माणसासारखी त्याची गत होते. म्हणून पेट्रोल वाचावे या हेतूने दुसऱ्या गियरमध्ये घाबरत घाबरत, कण्हत कुथत वेग वाढवणारा गृहस्थ उलट अधिक जाळतो. पाय माफक दाबावा, वेग घ्यावा आणि चटकन वरच्या गियरमध्ये जावे. पेट्रोलच्या गाडीत इंजिनाच्या फेऱ्या मिनिटाला दोन ते अडीच हजार झाल्या, डिझेलच्या गाडीत दीड ते दोन हजार झाल्या, की गियर बदलावयास हरकत नसते. सपाट रस्त्यावर साधारण पंचेचाळीसला चौथा आणि पंचावन्न-साठला पाचवा. गाडीगणिक थोडा फरक पडेल. मात्र पाचव्या गियरमध्ये चढ लागला, गाडी थरथरू लागली, तर हट्ट धरू नये. खाली यावे. अशा वेळी वाचलेल्या थेंबापेक्षा इंजिनाची झीज महाग पडते.

यानंतर आम्ही मुख्य मुद्द्यावर येतो, आणि खरे सांगावयाचे तर त्यासाठीच हा विषय आम्ही पत्करला. उतार लागला की गाडी न्यूट्रल करावयाची, काही जण तर इंजिनच बंद करतात, ही सवय आपल्याकडे फार पसरली आहे. आजोबांच्या जीपपासून नातवाच्या मोटारीपर्यंत ती चालत आलेली आहे. तिला एके काळी थोडा आधार होता. कार्बुरेटरच्या गाडीत उतारावर पाय उचलला तरी इंजिन पेट्रोल ओढतच राही. परंतु २००० सालाच्या सुमारास नव्या पेट्रोल मोटारींतून कार्बुरेटर गेला आणि पिचकारीने पेट्रोल सोडणारी पद्धत आली. या पद्धतीत गाडी गियरमध्ये असताना पाय पूर्ण उचलला की पिचकारी बंद होते. इंजिनाला चाके फिरवतात. पेट्रोलचा थेंबही जळत नाही. फेऱ्या अगदी खाली आल्या म्हणजे पिचकारी पुन्हा सुरू होते. डिझेलच्या पंपाची रचना तर जुन्या काळापासूनच अशी आहे. उलट न्यूट्रल केले की चाके इंजिनाला फिरवीत नाहीत, तेव्हा ते जिवंत ठेवण्यासाठी इंधन जाळावेच लागते. म्हणजे उतारावर न्यूट्रल करणारा माणूस फुकट चालणारे इंजिन विकतचे करून घेतो. ज्या गाडीच्या फलकावर क्षणाक्षणाचा ॲव्हरेज दिसतो तीत हे डोळ्यांनी पाहता येते: गियरमध्ये पाय उचलताच आकडा एकदम चढून वरच्या टोकाला जाऊन बसतो.

कोणी म्हणेल, मग इंजिनच बंद केले तर? आपण त्याचाही हिशेब करू. लहान मोटारीचे इंजिन जागच्या जागी चालताना तासाला अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल घेते. पाच किलोमीटरचा उतार साठच्या वेगाने पाच मिनिटांत संपतो. तेवढ्यात वाचले तर फार तर साठ मिलिलिटर; सहा रुपये झाले. या सहा रुपयांसाठी आपण काय पणाला लावतो ते ऐका. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी मदत बंद होते. दोन-तीनदा दाबल्यावर पेडल दगडासारखे होते. स्टिअरिंग जड होते, आणि किल्ली बाहेर निघाली तर ते जागीच अडकते. मालमोटारीचे ब्रेक हवेवर चालतात आणि ती हवा इंजिनाच्या जोरावर भरली जाते. इंजिन बंद म्हणजे टाकीत असेल तेवढीच हवा.

इंजिन चालू असूनही न्यूट्रलचा धोका उरतोच. एक टनाची गाडी शंभर मीटर उंचीवरून खाली येते तेव्हा जी शक्ती मोकळी होते ती सारी ब्रेकवर पडली तर तिच्यात सुमारे तीन लिटर पाणी उकळीला यावे. पंचवीस टनांच्या भरलेल्या मालमोटारीसाठी हाच आकडा पंचाहत्तर लिटर होतो. एवढी उष्णता लायनरने सोसावी कशी? ती तापतात आणि धरीनाशी होतात. पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार याच कारणाने कुप्रसिद्ध झाला आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तेथे एका अवजड गाडीने वीसहून अधिक वाहनांना धडक दिली, आणि इंधन वाचवण्यासाठी ती उतारावर न्यूट्रलमध्ये सोडली होती असे प्राथमिक तपासात सांगण्यात आले. आपल्याला पुण्यापर्यंत जावयास नको. तुळजापूरचा घाट उतरून सोलापूरकडे जाणारे आपल्यापैकी किती तरी जण आहेत. ज्या गियरने घाट चढावयाचा त्याच गियरने उतरावयाचा, हा जुन्या चालकांचा नियम. इंजिन गाडीला मागे ओढून धरते, ब्रेक थंड राहतात, आणि वर सांगितल्याप्रमाणे इंधनही लागत नाही. सुरक्षितपणा आणि काटकसर एकाच बाजूला उभी असावीत असा योग व्यवहारात क्वचितच येतो.

आता चालक असे का वागतो? अडाणी म्हणून, असे उत्तर पांढरपेशी माणसे देतात. आमचा अनुभव वेगळा आहे. एका मालवाहतूकदाराकडे काम करणाऱ्या चालकांना आम्ही घाटात इंजिन का बंद करता म्हणून विचारले. त्यांतला एक म्हणाला, "भाऊ, मालक डिझेल मापून देतो. जास्त लागलं तर पगारातून कापतो. घाटात बंद केलं तर तेवढंच सुटतं." त्या मालकाने सर्व गाड्यांना एकच ॲव्हरेज ठरवून दिला होता. नवी गाडी असो की दहा वर्षांची, सपाटीचा रस्ता असो की घाटाचा, रिकामी फेरी असो की भरलेली, आकडा एकच. गाडीचे टायर झिजलेले, पिचकाऱ्या साफ केलेल्या नाहीत, ब्रेक चाकाला घासत राहतात. आणि दंड चालकाला. बैठकांवर बैठका झाल्या. शेवटी प्रत्येक गाडीचा आणि प्रत्येक मार्गाचा निराळा आकडा धरावा, त्यापूर्वी गाडी दुरुस्त करून द्यावी, आणि पगारातील कपात बंद करून वाचलेल्या डिझेलात चालकाला वाटा द्यावा, एवढे मान्य करून घेतले. त्यानंतर न्यूट्रल करू नका हे सांगणे चालकांना पटू लागले. पोटाला चिमटा बसत असताना कोणी यंत्रशास्त्र ऐकत नाही.

काटकसरीला आमचा विरोध नाही, हे यावरून ध्यानात यावे. एस्टीच्या आगारात इंधनाचा हिशेब 'केपीटीएल'मध्ये, म्हणजे दहा लिटर डिझेलमागे किती किलोमीटर असा करतात. बस लिटरला साधारण साडेचार-पाच किलोमीटर जाते. दहा लिटरचा आकडा घेतला म्हणजे बारीक फरकही दिसतो. सत्तेचाळीसचे एकोणपन्नास झाले तर रोज तीनशे किलोमीटर धावणाऱ्या बसमागे अडीच लिटर वाचतात. शंभर बसगाड्यांमागे अडीचशे. हा सार्वजनिक पैसा आहे. आपल्या देशात जळणाऱ्या खनिज तेलाचा फार मोठा भाग परदेशातून विकत घ्यावा लागतो, आणि १९७३ साली तेलाचे भाव काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाले तेव्हा त्याचा अर्थ काय होतो हे साऱ्या जगाला कळले.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात सांगतो. वेग वाढला की हवेचा विरोध वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ऐंशीचे शंभर केले तर तो दीडपटीहून अधिक होतो, आणि पन्नास किलोमीटरच्या प्रवासात वाचतात साडेसात मिनिटे. तेवढी तर सोलापुरात पोहोचल्यावर चहाच्या टपरीवर जातात. टायरमध्ये हवा कमी असली की चाक मऊ रस्त्यावरून चालल्यासारखे जड होते. हवा पंधरवड्यातून एकदा, गाडी थंड असताना तपासावी. टपावरची जाळी कामापुरती बसवावी. ती रिकामी असली तरी वारा अडवतेच. क्लचवर पाय ठेवून चालवू नये. सकाळी गाडी तापावी म्हणून दारात पाच-दहा मिनिटे चालू ठेवण्याची गरज नाही. निघावे आणि पहिले दोन किलोमीटर सावकाश जावे. रेल्वेचे फाटक पडले, ओळखीचे कोणी भेटले आणि बोलणे लांबले, तर इंजिन बंद करावे. इंजिन बंद करण्याची जागा ही, घाट नव्हे.

शेवटी मोजमाप. एका फेरीवरून किंवा काट्यावरून काढलेला ॲव्हरेज विश्वासाचा नसतो. टाकी पहिल्यांदा नळी आपोआप बंद होईपर्यंत भरा आणि किलोमीटरचा आकडा वहीत लिहा. पुढच्या खेपेस त्याच पंपावर तशीच भरा. जितके लिटर बसले तितके मधल्या अंतरात लागले. अशा तीन टाक्यांचा हिशेब ठेवा. मग वर सांगितलेल्यांपैकी एकच सवय बदला, आणि पुढच्या तीन टाक्या पुन्हा मोजा.